डेसाचं राखलेलं कडवं

मिस डेसा प्रुइटच्या स्वयंपाकघरात बसून कुणी खिशात हात घातला की ती बोलायची थांबायची. रुमाल निघाला तर पुढे बोलायची. फोन निघाला तर समोरचा कॉफीचा कप उचलून मोरीत ठेवायची, म्हणजे निघा आता. आमच्या पाद्रीबाबांनाही तिने एकदा असंच घालवलं होतं. मी, लूशस, तिच्या मागे बसून एकतीस वर्षं ड्रम वाजवले. माझेही खिसे ती सगळ्यांदेखत तपासायची; तिला मी खरंच चोर वाटतो की नाही, याचा अंदाज मला त्या एकतीस वर्षांत लागला नाही.

आमचं बेंट क्रीक मिसिसिपीतलं. कापूस, सरकीच्या तेलाची गिरणी आणि चार चर्चेस. डेसा आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधायची आणि शनिवारी संध्याकाळी क्लीओफसच्या गुत्त्यात गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून उभी राहायची. तोवर आमच्याकडची रीत अशी की बाईने गावं आणि बाप्यांनी वाजवावं. हिने दोन्ही स्वतःकडे घेतलं, आणि आवाज एवढा चढवला की जुन्या ब्लूजचं रॉक होऊन बसलं. तेव्हा त्याला रॉक कुणी म्हणत नव्हतं. चर्चमधल्या बाया जे म्हणत ते मी लिहीत नाही. रविवारी त्या डेसाच्या बाकावरून उठून दुसरीकडे बसत. शनिवारी त्यांचेच नवरे गुत्त्यात पहिल्या रांगेत असत.

सदुसष्ट साली शहरातून एक गोरा माणूस टेपचं यंत्र घेऊन आला. अभ्यास करतोय म्हणाला. डेसाच्या हातच्या तळलेल्या माशांची तीन ताटं हाणली, तिची पाच गाणी टेपवर भरली आणि आभार मानून गेला. दोन वर्षांनी न्हाव्याच्या दुकानात रेडिओवर तिचंच गाणं लागलं. गाणारी कुणीतरी चार लांब केसांची पोरं होती.

न्हावी म्हणाला, "डेसा, ही पोरं तुझं गाणं झकास म्हणतात की."

"तबकडीवर गाण्याच्या खाली नाव कुणाचं छापलंय ते विचार," डेसा म्हणाली.

नाव त्या मासे खाणाऱ्याचं होतं.

तेव्हापासून तिने एक नेम धरला. नवं गाणं केलं की त्याचं शेवटचं कडवं राखून ठेवायचं. यंत्रासमोर नाही, कागदावर नाही. मी चौऱ्याहत्तर साली तिच्या मागे ड्रमवर बसलो तोवर तिच्याकडे असं एकच गाणं उरलं होतं जे ती मनापासून गायची, नदीच्या पुरावरचं. त्याचं शेवटचं कडवं आलं की ती माइक सोडायची, लोकांकडे पाठ करायची आणि गिटार वाजवत राहायची. लोकांना वाटे, बाई नुसतं वाजवतेय. काहींना वाटे, माजलीय. "हिची पाठ बघायला आलोय का?" असं ओरडायचे.

पण तिने लोकांकडे पाठ केली की तोंड माझ्याकडे व्हायचं. आमच्यात तीन हातांचं अंतर. आणि ती ते कडवं म्हणायची, हळू, माइकशिवाय. मी ऐकायचो. गुत्त्यात येणारे दुसरे गिटारवाले तिच्या बोटांची चाल चोरतील म्हणून ती त्यांच्यावर डोळा ठेवायची, पण ड्रमवाल्याला आमच्याकडे कुणी गवई धरत नाही. मी तिथे बसलोय हे ती विसरलीय असं मी धरून चाललो. पहिल्याच वर्षी कडवं पाठ झालं, आणि तेव्हापासून ती माझ्याकडे रोखून बघायला लागली की मला घाम फुटायचा. ते कडवं काय आहे ते मी इथे सांगणार नाही. तुम्ही कोण, मला काय माहीत.

गेल्या वर्षी डेसाच्या घशात गाठ निघाली. मंगळवारी सकाळी स्वरयंत्र काढणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. सोमवारी सकाळी तिच्या बहिणीची नात ऑक्टेव्हिया मेम्फिसहून थेट माझ्या दारात. ती तिकडे स्वतःचा बँड घेऊन गाते.

"मिस्टर लूशस, पुराचं गाणं मी रोज गाते. शेवटी लोक नुसते बघत बसतात, अजून काहीतरी यायचंय म्हणून. उद्यानंतर ते कधीच येणार नाही. तुम्ही तिच्या मागेच बसायचात, काही कानावर आलं असेल."

"तिलाच विचार की."

"विचारलं. म्हणाली, तुला कुणी पाठवलं? म्हटलं, आईने. तर म्हणे, तिला कुणी पाठवलं?"

मला हसू आलं, पण मी तिच्या गाडीत डोकावलो. मागच्या सीटवर वायरी आणि दोन माइक होते.

"हे कशाला?"

"मी गाते, मिस्टर लूशस. सुताराच्या गाडीत करवत सापडली तर काय विचाराल?"

उत्तर चोख होतं, म्हणून मला जास्तच संशय आला. पण खरा प्रश्न तिचा नव्हताच. न विचारता दिलं तर मी आणि तो मासे खाणारा सारखेच. न दिलं तर दोन म्हाताऱ्यांबरोबर कडवं मातीत. दुपारी मी हॉस्पिटलात गेलो.

"मिस डेसा, एक कबूल करायचंय."

"पुन्हा प्यायला लागलास?"

"नाही. ते शेवटचं कडवं मला येतं. पहिल्या वर्षापासून. तुम्ही पाठ फिरवायचात तेव्हा मी ऐकायचो."

ती उशीला टेकून नीट बसली. "कुणाला म्हणून दाखवलंस?"

"बायकोलासुद्धा नाही."

"लूशस, त्या गुत्त्याला चार भिंती होत्या. मला भिंतीकडे तोंड करता आलं नसतं?"

मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

"एकटीने किती दिवस म्हणायचं? कुणालातरी ऐकवायचं होतं मला."

"पण तुम्ही तर माझ्यावर रोज संशय घ्यायचात. सगळ्यांदेखत माझे खिसे तपासायचात."

"ते गिटारवाल्यांना दाखवायला, गाढवा. तुला ऐकवतेय हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी तुला दारू पाजून काढून घेतलं असतं." तिला खोकला आला. मग म्हणाली, "पोरीला शिकव. पण आधी मला म्हणून दाखव, नाहीतर चुकीचं शिकवशील."

मी बेसूर आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तरी म्हटलं. तिसऱ्या ओळीला तिने त्या फाटक्या आवाजात साथ धरली. नर्स दारात आली तेव्हा दोघंही थांबलो.

मंगळवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात मी ऑक्टेव्हियाला ते कडवं दिलं. तिने तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ती म्हणत असताना मला रडू आवरेना. त्या बाईने एकतीस वर्षं माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि ती मला चोर समजते असा संशय घेत बसलो होतो तो मी.