खाणीच्या ग्रहावरचे अकरा डॉक्टर

आमच्या दादाची अख्खी नोकरी माणसं मोजण्यात गेली. जनगणनेच्या कचेरीत बत्तीस वर्षं. दार वाजवून तो "घरात किती माणसं?" असं कधी विचारत नसे, "काल रात्री इथे कितीजण झोपले?" असं विचारी. पाहुणा झोपला असेल तर तोही मोजायचा, हा त्याचा नियम. निवृत्तीनंतर त्याच्या एकुलत्या एक लेकीने त्याला आमच्या रविवार दुपारच्या खेळात ओढलं, आणि तेव्हापासून तो ग्रह मोजतो.

खेळ अंतराळातला. टेबलाभोवती बसून यानाचे खलाशी व्हायचं, फासे टाकायचे, लागेल त्या ग्रहावर उतरायचं. लोकसंख्याही फाशांचीच: दोन फाशांच्या बेरजेतून दोन वजा करा, उरतील तेवढी शून्यं एकावर द्या. पहिल्याच दिवशी हवापाणी नसलेल्या एका दगडावर हजार कोटी माणसं निघाली. दादाने चष्मा काढला. एवढ्यांना पाणी कोण पुरवतं, बाळंतपणं कोण करतं, मेलेल्यांना ठेवतात कुठे? मग प्रत्येक ग्रहाचा तक्ता तोच करू लागला: वयाचे रकाने, मास्तर किती, सुइणी किती. पटणार नाही असा आकडा तो टेबलावर येऊच देत नसे.

यंदा पुतणीला दूरच्या खाणीवर नोकरी लागली. दोन दिवसांचा प्रवास, तीन वर्षांचा करार. बाबा मनापासून हो म्हणाले तरच जाईन, असं तिने सांगून टाकलं. दादा हो म्हणेना, नाही म्हणेना. जेवण अर्धं टाकायचा, खाणीचं नाव निघालं की उठून नळ नीट बंद आहे का ते बघायचा. सोमवारी कळवायचं होतं.

त्याच्या आदल्या दिवशी खेळात नेमका खाणीचा ग्रह आला. फाशांची बेरीज पाच, म्हणजे माणसं हजार. दादाने तक्ता पुढे सरकवला. आमच्यातला चौथा खेळाडू म्हणजे शेजारचा दातांचा डॉक्टर. तो वाचता वाचता थांबला. हजार माणसांना अकरा डॉक्टर? आणि साठीच्या वरची अडीचशे माणसं?

"दादा, हा ग्रह आहे की माहेर?" मी म्हणालो. आम्ही दोघं हसलो. दादा हसला नाही. बत्तीस वर्षांत एक खोटी नोंद न केलेला माणूस कान लाल करून बसला होता. माझी जीभ कधी सुधारणार कोण जाणे.

पुतणीने तक्ता वाचला.

"बाबा, ही माझी खाण आहे ना? तिथे डॉक्टर एकच आहे. माणसं बहुतेक तिशीतली. साठीच्या वरचं कोणीच नाही. खरं तेच लिहा."

दादाने अकरा खोडून एक केला. अडीचशे खोडताना रबराने कागद फाटला. तिथे त्याने शून्य लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. मला त्याच्याकडे बघवेना.

"आता त्या शून्याचे दोन करा," ती म्हणाली. "तुम्ही आणि आई महिनाभर येऊन राहाल. रात्री तिथेच झोपाल. मग मोजायला नको?"

नियम त्याचाच, मोडणार कसा? त्याने शून्य खोडलं, दोन लिहिलं, आकडा पुन्हा पुन्हा गिरवला. मग लेकीला विचारलं, तिथे थंडी किती असते, आणि जाड पांघरुणं इथून न्यायची की तिकडे मिळतात.