बारकीची काळी पट्टी

माझ्या धाकट्या बहिणीनं बसवलेल्या फरशीवर तुम्ही कधी ना कधी चालला असाल. तुम्हाला माहीत नसेल, एवढंच. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत, खाली मान घालून जी फरशी तुम्ही बघत बसलात, ती तिची असू शकते. भिंतीला रंग कुणी दिला ते लोक विचारतात, पडदे कुठून आणले ते विचारतात. पायाखालची जमीन कुणी केली, हे कुणी विचारत नाही. म्हणून मी सांगत फिरतो. कुणीतरी सांगायला नको का?

घरात सगळ्यात शेवटची म्हणून ती बारकी. आता केस पिकलेत, सिमेंटची गोणी एकटी उचलते, तरी बारकीच. वडील फरशीचं काम करायचे. त्यांनी शिकवायला आधी मलाच घेतलं होतं, पण मला उकिडवं बसवत नाही. पोट आडवं येतं, अगदी लहानपणापासून. मी सातवीनंतर गाडीवर गेलो आणि बारकी दप्तर टाकून वडिलांशेजारी बसायला लागली. आज माल मी आणतो, बसवते ती. माझ्या टेम्पोतून उतरलेली एक फरशी आजवर फुटलेली निघाली नाही. विचारा कुणालाही. आणि बारकीनं बसवलेली एक फरशी आजवर पोकळ वाजली नाही. थापीच्या दांड्यानं ठोकून बघतात. खाली सिमेंटचा माल नीट भरला नसेल तर रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो. तिची फरशी ठोकली की दांडाच दुखतो म्हणायचा.

तिची एक पद्धत आहे. दुसऱ्या कुणाची असली तर मला दाखवा. घर करायला निघालेलं माणूस दुकानात जाऊन चकचकीत बघून येतं आणि म्हणतं, हेच पाहिजे. बारकी त्यांना आपल्या अंगणात बोलावते. तिथे तिनं जमिनीवर सगळ्या जातींचे तुकडे बसवून ठेवलेत, शेजारी शेजारी. चपला काढायला लावते. आधी कोरड्यावर चालवते, मग बादलीभर पाणी ओतून चालवते, मग साबणाचं पाणी. माणूस हात पसरून तारेवर कसरत करणाऱ्यासारखा चालायला लागला की ती शांतपणे म्हणते, "हां, हाच तो. दुकानात तुम्हाला आवडला होता."

संगमरवर दिसायला राजा, पण लिंबू सांडलं की डाग, हळद सांडली की डाग, आणि तो डाग तुमच्या नातवंडांपर्यंत पुरतो. ग्रॅनाइट टणक, त्याला काही होत नाही. पण चकाकी केलेला ग्रॅनाइट ओला झाला की तुम्हाला काय होईल ते सांगता येत नाही. लाकूड पायाला उबदार, पडलं माणूस तर कमी लागतं, पण पाण्याला जागा दिली की फुगतं. कोबा, म्हणजे सिमेंटची सलग जमीन, सगळ्यात साधी. सांधा नाही, कचरा अडकत नाही, पण एकदा तडा गेला की तो तडा घरच्या माणसासारखा कायमचा राहतो. खरखरीत टाइल घसरत नाही, पण पुसणारीचा जीव जातो. चकचकीत टाइल पुसायला सोपी, चालायला अवघड. "सगळ्यात चांगली कुठली ते सांगा ना," असं कुणी म्हणालं की बारकी उलटी विचारते, "घरात कोण कोण आहे?"

आणि एक तिची खूण. चांगल्या घरात ती खोलीच्या चारी बाजूंनी, भिंतीपासून दोन वीत सोडून, काळ्या ग्रॅनाइटची पट्टी टाकते. चार बोटं रुंद. फोटोला चौकट असते तशी. कोपऱ्यात दोन पट्ट्या जिथे मिळतात तिथला सांधा नखालासुद्धा लागत नाही. ती पट्टी दिसली की मी पैज लावून सांगतो, ही खोली बारकीची.

तर गोष्ट अशी झाली की आई पडली.

आई माझ्याकडे असते. तिच्या खोलीत वडिलांनी बसवलेला मोझॅक होता. इतकी वर्षं पुसून पुसून तो गोट्यासारखा गुळगुळीत झालेला. तांब्या कलंडला, पाणी सांडलं आणि आईचा पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडात सळई बसली. ती दवाखान्यात होती तेव्हाच बारकी आली आणि म्हणाली, "दादा, ती यायच्या आत ही जमीन काढायची."

"वडिलांची आहे गं."

"आई पण त्यांचीच आहे," ती म्हणाली आणि छिन्नी घेऊन बसली.

आईच्या खोलीसाठी तिनं जेवढा विचार केला तेवढा कुठल्या बंगल्यासाठी केला नसेल. अंगणातल्या तुकड्यांवर स्वतः चालली, माझ्या बायकोला चालवलं, मला ओल्या साबणावरून आईच्या वॉकरसकट चालवलं. शेजारी कुंपणावरून बघत होते. मी म्हटलं, बघा, कामाची माणसं अशी असतात. शेवटी तिनं वाळूच्या रंगाची, चकाकी नसलेली टाइल निवडली. ओली झाली तरी पाय धरून ठेवणारी, आणि पुसताना फडकं न अडकणारी. आणि चारी बाजूंनी काळी पट्टी टाकली. माझी बायको म्हणाली, "अगं, म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत कशाला एवढा थाट?" बारकी म्हणाली, "वहिनी, लोकांच्या घरात टाकते आणि आईच्या खोलीत टाकू नको होय?"

काम संपलं की ती नव्या फरशीवर खोक्यांचे पुठ्ठे अंथरते, कडा चिकटपट्टीनं बंद करते. सामान सरकवताना ओरखडा जाऊ नये म्हणून. कपाट अजून यायचं होतं, त्यामुळे आई घरी आली तेव्हा पुठ्ठे तसेच होते. आईनं वॉकर धरला आणि पलंगापासून दारापर्यंत, दारातून स्वयंपाकघरापर्यंत हळूहळू गेली. व्यायाम करून घेणाऱ्या बाई यायच्या, त्या खूश. म्हणाल्या, अशाच चालत राहिल्या तर काठीवर येतील. आणि चालल्या नाहीत तर स्नायू जातील, मग पलंगच. हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

मग कपाट आलं, जागेवर बसलं, आणि बारकीनं पुठ्ठे काढले. मी मुद्दाम दोन शेजाऱ्यांना बोलावलं होतं. खोली अशी दिसली की मी खोटं बोलत नाही, राजवाड्यात नसेल. आई पलंगावर बसून बघत होती. "छान झालंय," म्हणाली.

त्या दिवसापासून ती खोलीबाहेर येईना.

पलंगावरून उतरायची, चार पावलं चालायची, पट्टीच्या अलीकडे थांबायची. वॉकरवर मुठी आवळायची आणि मागे वळायची. काय झालं विचारलं की "पाय दुखतो." दुसऱ्या वेळी "चक्कर आली." तिसऱ्या वेळी "तुम्हाला काय घाई आहे?" बाईंनी पाय तपासला, टाके तपासले. दुखायचं काही कारण नाही म्हणाल्या. माझी बायको चहा खोलीत नेऊन द्यायला लागली, मग जेवणही. मग पलंगाशेजारी शौचाला बसायची खुर्ची आली. जी बाई आयुष्यभर कुणाला आपला पेला धुऊ द्यायची नाही, तिच्या खोलीत ती खुर्ची आली. मी बाहेर टेम्पोत जाऊन बसलो थोडा वेळ.

बारकीला वाटलं, आपली फरशी अजून घसरते. ती येऊन गुडघ्यावर बसली, इंच इंच हात फिरवून बघितलं, पाणी टाकून बघितलं. आई पलंगावरून बघत म्हणाली, "काही झालेलं नाही फरशीला. उगाच मला लाजवू नकोस."

"मग चल की."

"चालीन. माझ्या मनानं चालीन."

बारकी भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. आई जिथून मागे वळायची त्या पट्टीकडे बघत राहिली. मग माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, पुठ्ठे टाकले का गं भंगारात?"

"मागे उभे करून ठेवलेत. का?"

बारकीनं एक पुठ्ठा आणला आणि दारासमोर, पट्टी झाकेल असा टाकला. चारी बाजूंनी चिकटवला. आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

आई उठली. वॉकर टेकत आली, पुठ्ठ्यावर आली, दाराबाहेर आली. बारकीसमोर उभी राहिली.

"काय दिसतं तुला तिथे?" बारकीनं विचारलं.

आईनं तोंड फिरवलं. "काही नाही."

"आई."

"खोल दिसतं," आई म्हणाली. "चर खणल्यासारखं. मला कळतं गं, तिथे दगड आहे. तू बसवलाय तो. मी डोळ्यांनी बघितलंय. पण पाय उचलला की पायाला ते पटत नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? म्हातारीला भ्रम झाला म्हणाल. आणि हा तर," आईनं माझ्याकडे बोट केलं, "सगळ्या गल्लीला बोलावून ती पट्टी दाखवतो."

दाखवतोच मी.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, होतं असं. वय झालं की डोळ्यांना खोल-उथळ नीट कळत नाही. फिक्यामध्ये एकदम काळं आलं की खड्डा वाटतो. एकदा पडलेल्या माणसाला तर जास्तच. मी म्हटलं, मग पट्टीवर एक चटई टाकू. त्या म्हणाल्या, चटईत वॉकर अडकला की परत ऑपरेशन. पुठ्ठा पण काढा, ओला झाला की सरकेल.

मी बारकीला फोन करून म्हटलं, "दारापुरती काढू. दोन हात काढलीस की झालं. बाकीची राहू दे, दिसते किती छान."

"ती खिडकीपाशी तरी गेली का रे, पुठ्ठे काढल्यापासून?"

मी आठवून बघितलं. गेली नव्हती. खिडकी पट्टीच्या पलीकडे.

"लोकांना विचारते, घरात कोण आहे म्हणून," ती म्हणाली. "आपल्या घरात वाटलं, मला माहीतच आहे." आणि फोन ठेवला.

आली ती ग्राइंडर आणि छिन्नी घेऊनच. आईला बाहेरच्या खोलीत बसवलं. आता मी तुम्हाला सांगतो, बारकीची फरशी निघत कशी नाही ते. दुसऱ्याची असती तर एक घाव, आणि अख्खी पट्टी हातात आली असती. ही निघेना. खालचा माल दगड होऊन बसलेला. एक छिन्नी बोथट झाली, दुसरी मी धार लावून आणली. तुकडा तुकडा करून काढावी लागली. धूळ एवढी की बारकीच्या भुवया पांढऱ्या झाल्या. मधेच कोपऱ्यातल्या सांध्यापाशी आली आणि थांबली. तो सांधा मी सगळ्यांना नखानं दाखवायचो.

"हा तरी राहू दे," मी म्हटलं. "कोपऱ्यात कोण जातंय?"

"तू सरक जरा, दादा. उजेडात उभा आहेस."

ठोकला तिनं. मी बघितलं नाही.

पट्टीच्या जागी भरायला त्याच रंगाच्या टाइल लागणार होत्या. दुकानात गेलो तर तोच माल, पण नवीन खेप, रंग जरा पिवळा. कुणाला कळलाही नसता. बारकी म्हणाली, "पिवळी पट्टी दिसेल. परत तिला काहीतरी वाटेल." आमच्याकडे उरलेल्या चार-पाच होत्या, त्या पुरेनात. तर तिनं कपाट सरकवायला लावलं आणि कपाटाखालच्या टाइल ग्राइंडरनं सांधे कापून, अख्ख्या, सुट्या केल्या. तेही काम कुणी करून दाखवावं.

"अगं, कपाटाखाली नुसता कोबा राहणार?" माझी बायको म्हणाली.

"कपाटाला कुठे चालायचंय, वहिनी."

खोली सगळी एका रंगाची झाली. भिंतीपासून भिंतीपर्यंत वाळू पसरल्यासारखी. आता तिच्यात बघण्यासारखं काही नाही, हे मला मान्य करावं लागेल. शेजारी आला, इकडे तिकडे बघून म्हणाला, "साधी केलीत होय?" मी त्याला अर्धा तास उभं करून सांगितलं की साधी करायला काय लागतं. तो गेला तरी माझं संपलं नव्हतं.

माल सुकेपर्यंत आईला बाहेरच्या खोलीतच ठेवलं. मग बारकीनं तिला आत नेऊन पलंगावर बसवलं आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. "कुणी बघत उभं राहायचं नाही," म्हणाली. "आणि तू तर नाहीच." मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. माझी बायको भांडी उगाच इकडची तिकडे करत होती. बारकी ओट्यापाशी हात धूत होती. नखातलं सिमेंट काढत होती, ते निघत नव्हतं, तरी काढत होती.

आतून वॉकरचा आवाज आला. टक, मग पाय घासल्याचा. आवाज थांबला. बारकीनं नळ बंद केला.

परत टक.

आई दारात आली तेव्हा तिला दम लागला होता. पदर खांद्यावरून घसरला होता, तो नीट करायला तिनं एक हात सोडला आणि परत धरला. माझ्या बायकोनं पटकन खुर्ची पुढे केली, मी उठून दुसरी दिली. आईनं दोन्हींकडे बघितलं.

"बसायला सांगू नका," ती म्हणाली. "आत्ताच आलेय."