आषाढातली दुखणी

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात सुदाम जाधव कामगारांच्या मेडिक्लेमचं काम बघायचा. विम्याचा हप्ता दरवर्षी वाढायचा आणि सेठ करवादायचा, "सुदाम, मेरे आदमी इतने बीमार क्यों पड़ते हैं?"

सगळी दुखणी आषाढातच उगवतात, हे सुदामच्या ध्यानात आलं. भातलावणीला रजा मिळत नसे. मग बारवी धरणाकडच्या पाड्यांवरची कामगार माणसं कागदोपत्री दवाखान्यात दाखल व्हायची आणि शेतात गुडघाभर चिखलात उभी असायची. सुदामने कुणाचं नाव घेतलं नाही. सेठला पटवून त्याने लावणीची भरपगारी रजा मिळवून दिली. पुढच्या वर्षी हप्ता उतरला आणि सेठने सुदामची पाठ थोपटली.

त्याच वर्षी श्रावणात पाड्यावरचा वाळू नावाचा कामगार त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "सायेब, ताप हाय. दाखल व्हावं लागंल."

सुदाम भडकला. "लावणीची रजा खाल्लीस ना? आता कसला ताप? जा कामावर!"

वाळू कामावर गेला आणि दोनच दिवसांत मशीनपाशी कोसळला. त्याला कावीळ झाली होती.

सुदाम त्याला बघायला दवाखान्यात गेला. वाळूचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आजवर कितीतरी आजारी माणसांचे क्लेम सुदामने मंजूर करून आणले होते, पण खरोखर खाटेवर पडलेलं माणूस तो पहिल्यांदाच बघत होता.