बराकीत पापड बंद

"टायफॉईड आहे," कॅम्पातले डॉक्टर म्हणाले.

टायफॉईड म्हणजे आपला मुदतीचा ताप. आणि झाला कुणाला, तर ईश्वरीला! एवढीशी पोर. फाळणीत सिंधमधून येताना तिचे आईबाप वाटेतच गेले, ही एकटी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पात पोचली. तिला अनाथाश्रमात पाठवायची गोष्ट निघाली, तेव्हा सगळी बराक आडवी आली. मग असं ठरलं, की जेवायला रोज पाळीपाळीने एकेका सिंधी घरी आणि झोपायला आमच्याकडे. बाबा कॅम्पाच्या पाण्याच्या पंपावर कामाला, म्हणून आम्हाला टोकाची भिंतीदाराची खोली मिळालेली. बाकी सगळीकडे गोणपाटाचे पडदे.

रक्त तपासायला कल्याण गावात गेलं होतं. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही दवाखान्याच्या बाकावर, ती माझ्या मांडीवर तव्यासारखी तापलेली. खाटा सगळ्या भरलेल्या, म्हणून घरीच न्या म्हणाले.

"नीट ऐका," डॉक्टर आईला म्हणाले. "हिची आतडी ओल्या कागदासारखी झालीत. टणक काही पोटात गेलं तर परफोरेशन होईल." परफोरेशन म्हणजे आतड्याला भोक पडतं. "ताप उतरला की भूक लागेल. तेव्हाच खरा धोका. फक्त पातळ द्यायचं."

तुमच्या घरी कुणाला हा ताप आला, तर डॉक्टरांचं हे शेवटचं बोलणं अजिबात विसरू नका!

ताप उतरला. आम्ही खूश! मी नळावर गेले, परत येऊन बघते तर ईश्वरी उठून बसलेली आणि तोंडातून कुरुमकुरुम आवाज.

पापड!

मी तिच्या तोंडात बोट घातलं, मिळेल तेवढं काढलं. उशी उचलली तर खाली पापडाचे तुकडेच तुकडे. रोज कुणी ना कुणी तब्येत विचारायला यायचं आणि सिंधी माणूस पापडाशिवाय विचारपूस करतच नाही. ही पोरगी ते तुकडे लपवून ठेवायची. उद्या कुणी खायला दिलं नाही तर, ही तिची भीती.

शेजारची गोपीअम्मा दारातच उभी. "अरी, पापड में क्या है? हवा है, हवा!"

"अम्मा, मर जाएगी वो!" मी ओरडले. अम्माचा चेहरा पांढराफटक पडला.

डॉक्टर आले, पोट दाबून बघितलं. "आत्ता मऊ आहे. लाकडासारखं कडक झालं, तर तशीच उचलून आणा."

मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले. जरा कण्हली की वाटायचं, झालं कडक. मग पुन्हा हलकेच दाबून बघायचे. दाराबाहेर साऱ्या बायका जमिनीवर बसलेल्या. आत यायची कुणाची हिंमत नाही. गोपीअम्मा तोंडाला पदर लावून नुसती माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळ झाली तरी पोट मऊच. डॉक्टर पुन्हा आले, बघून म्हणाले, "वाचली. पण पुन्हा नको."

गोपीअम्मा उठली आणि बराकभर ओरडत गेली, "जब तक बच्ची ठीक नहीं, किसी के घर पापड नहीं सिकेगा! खुशबू भी नहीं!"

आणि खरंच नाही हो भाजला कुणी! गोपीअम्माच्या लेकीला बघायला पाहुणे आले, तरी नुसतं पाणी पुढे केलं. मुलाची आई टोमणा मारून गेली, "पापड के भी पैसे नहीं?" अम्मा म्हणाली, "हमारी छोटी बीमार है."

आमची छोटी! माझी आई ते ऐकून आत जाऊन रडली.

पेज, ताक, मग मऊ भात. एक दिवस डॉक्टर हसून म्हणाले, "आता सगळं द्या."

त्या दुपारी घराघरात पापड भाजले. सगळ्या बराकीला तो वास! गोपीअम्माने पहिला पापड ईश्वरीच्या हातात दिला. ती खात बसली, मी मात्र तिच्या उशीकडे बघत होते.

तिने एकही तुकडा ठेवला नाही. सगळा खाल्ला आणि हात पुढे केला, "और दो."