शेवट उद्या

"शेवट सांगणार नाही!" असं म्हणून काका पुस्तक छातीशी धरत. जणू कोणी ते हिसकावूनच घेणार होतं.

दादरच्या एका वाचनालयात मी पुस्तकांची देवघेव बघते. काका नायगावच्या चाळीतले, कारकुनीतून निवृत्त झालेले, आमचे साधे सभासद. पण काय वाचावं हे लोक माझ्याआधी त्यांनाच विचारत. तुम्ही आला असतात तर तुम्हीही सुटला नसतात. आधी चौकशी, मग औषध. "सासूशी वाजलंय? मग कौटुंबिक नको, भुताचं न्या." सिनेमाचंही तेच. नोकरी गेलेल्या एका गृहस्थांना त्यांनी हाणामारीचा सिनेमा सुचवला आणि वर बजावलं, "विनोदी बघू नका, जास्त रडू येतं." गोष्ट अशी रंगवत की माझ्यापुढची रांग खोळंबे, आणि ऐन मोक्याला थांबत.

मग काकूंना परळच्या रुग्णालयात ठेवलं. डॉक्टरांनी हात टेकले, काकांनी नाही. त्यांनी माझ्याकडून नवी आलेली एक जाडजूड रहस्यकथा मागून घेतली.

"अगं, तिला अर्धवट काही सोडवत नाही. ताटातला भातसुद्धा नाही. शेवट कळल्याशिवाय ती कुठे जायची नाही."

हे ते हसत म्हणाले.

मी भेटायला गेले तेव्हा काकू खाटेवर एवढ्याशा झाल्या होत्या. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं, आणि काका त्यांना पुन्हा मागचंच वाचून दाखवत होते.

"बघ गो, ह्ये पुढे सरकतच नाय," काकू मला म्हणाल्या. मग त्यांच्याकडे वळल्या. "माका खुनी तो कंपाउंडरच वाटता. होय की नाय, तेवढा तरी सांगा."

"शेवट उद्या," काका म्हणाले. काकूंचा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी पहाटेच काकू गेल्या.

तेरावं झाल्यावर काका पुस्तक परत द्यायला आले. शेवटच्या प्रकरणाआधीचं पान दुमडलेलंच होतं. त्या दिवसापासून मात्र ते सगळ्यांना शेवट सांगू लागले. कोणी कादंबरी हातात घेतली की लगेच, "नवरा परत येतो. आता न्या." सिनेमाला निघालेल्यालाही दारातच, "नायिका मरते." लोक चिडले, तक्रारी आल्या. शेवटी मलाच बोलावं लागलं.

"काका, शेवट नका ना सांगू."

"आणि ऐकायचा राहून गेला तर?" ते केवढ्यांदा ओरडले! रांगेतले सगळे वळून बघू लागले. मग जवळ येऊन हळू म्हणाले, "अगं, त्या पुस्तकाचा शेवट मीपण वाचला नाही. वाटलं, मी वाचला तर सगळं संपेल. तू वाचलास? कंपाउंडरच होता का गं?"

पुस्तक परत आलं तेव्हाच मी वाचलं होतं. "हो काका. कंपाउंडरच."

"म्हणजे तिनं बरोबर ओळखलं होतं." टेबलाला धरून ते खाली बसले. "साधं 'हो' म्हणायचं होतं मला. तेवढंही नाही म्हटलं."

त्यानंतर काका आले नाहीत. त्यांची चाळ पाडायला घेतली, माणसं पांगली. ते कुठे गेले, कसे आहेत, हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही सांगता आलं नाही.

परवा एका बाईंनी नेमकं तेच पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. वय झालेलं, जिना चढून धाप लागलेली.

"कसं आहे हो?"

"खून कंपाउंडरने केलाय," मी म्हणाले. "आता न्या."