शेवटी शिवलेली पाने

मागच्या वर्षी आमच्या भोपाळच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत विनोदाच्या पानावर एक किस्सा छापला होता. कारखान्याच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये एक बाई होत्या. त्यांनी मॅन्युअल न वाचताच प्रोग्रॅम लिहिला आणि त्यापायी यंत्रे जोडण्याचे एक शॉप महिनोन्महिने खोळंबून राहिले. चौकशीत विचारले, "मॅन्युअल वाचलं होतं का?" तर बाई म्हणाल्या, "वाचलं होतं, पण पान दुसरं होतं." किस्सा इथे संपतो आणि लोक हसतात.

कोजागिरीला इंद्रपुरीच्या हॉलमध्ये तोच किस्सा पुन्हा माइकवरून सांगण्यात आला. सांगणारे गृहस्थ आमच्या कारखान्यातलेच, निवृत्त, आवाज अजून खणखणीत. त्या बाई माझ्या पुढच्या रांगेत दुधाचा पेला हातात धरून बसल्या होत्या. सगळा हॉल हसला. नव्या लोकांना ठाऊकच नव्हते की ती बाई कोण. जुन्यांना ठाऊक होते आणि तेही हसले. बाईंनी मागे वळून पाहिले नाही. पेल्यातले दूध मात्र तसेच राहिले.

मला संताप आला तो या गोष्टीचा की त्या उत्तरातले अक्षरही खोटे नव्हते. पान खरोखरच दुसरे होते. ते कसे दुसरे झाले हे सांगू शकणारा माणूस त्या हॉलमध्ये, तेव्हाच्या माझ्या समजुतीने, एकच होता, आणि तो मागच्या रांगेत केळ्याचे वेफर्स खात बसला होता.

आमचे सेंटर म्हणजे कारखान्याच्या प्रशासकीय इमारतीत तळमजल्यावरचा एक थंडगार हॉल. चपला बाहेर काढायच्या. भोपाळच्या मे महिन्यात टाउनशिपमधली इतर खात्यांची माणसे काही ना काही निमित्त काढून आमच्याकडे येत आणि दारातल्या गारव्यात उभी राहत. मी तिथे सहायक अधिकारी होतो. पुण्याहून आलेला, शिस्तीचा, आणि त्या शिस्तीचा मला अभिमान होता. लोखंडी कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. त्या कपाटात फोरट्रान या संगणकाच्या भाषेची मॅन्युअले होती. आज कोणीही उठून मोबाइलवर हवे ते शोधतो. तेव्हा त्या भाषेबद्दल काही अडले तर जगात विचारायची जागा एकच, माझे कपाट. सही करायची, खंड घ्यायचा, माझ्यासमोरच्या टेबलावर बसून पाहायचा आणि परत द्यायचा. आपल्या जागेवर न्यायची परवानगी नव्हती.

त्यातले हवे ते सापडणे सोपे नव्हते. एका गोष्टीचा नियम एका खंडात, त्याचे अपवाद दुसऱ्यात, उदाहरण असलेच तर तिसऱ्यात, आणि जागोजागी "संबंधित प्रकरण पाहावे." संबंधित म्हणजे कुठले, हे लिहिणाऱ्याला सांगावेसे वाटलेले नसे. लिहिणारा कुठल्या देशात बसला होता कोण जाणे, पण त्याने आपल्यासारखा अडलेला माणूस कधी डोळ्यांपुढे आणला नव्हता हे नक्की. नवीन मुले पाने चाळत तासन्‌तास बसत. म्हणून मी सगळ्यांना एक शिस्त लावली: चाळायचे नाही. पहिल्या खंडाच्या सुरुवातीला सूची आहे, तिच्यात शब्द पाहायचा, दिलेल्या पानावर जायचे, वाचायचे, खंड मिटायचा. "सूची सांगते तिथंच जा, भटकू नका," असे मी म्हणायचो. त्या बाईंनाही मीच हे शिकवले. नागपूरकडून बदलून आलेल्या, गणिताच्या पदवीधर, सेंटरमधल्या एकट्याच बाई. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले होते, "आणि भाऊ, सूचीच चुकली तर?"

मी म्हणालो, "छापील आहे ती."

"असं का," त्या म्हणाल्या आणि सही करून खंड घेतला.

ही मॅन्युअले मुळात शिवलेली पुस्तके नव्हतीच. कड्यांच्या जाड फाइलींमध्ये सुटी पाने लावलेली असत. त्यामागे कारण होते. भाषेत बदल झाला की टपालाने पाकीट येई. त्यात नवी पाने आणि वर एक सूचनापत्र: अमुक पाने काढून टाका, त्यांच्या जागी ही लावा. मॅन्युअल असे स्वतःला दुरुस्त करत राहणार होते. कल्पना चांगली होती. आमच्याकडे ती चालली नाही, कारण आमच्याकडे ऑडिट होते.

एका वर्षी स्टॉकची पडताळणी करायला आलेल्या माणसाने मॅन्युअलांची पाने मोजली. आवक करताना जेवढी पाने नोंदली होती तेवढी भरली नाहीत. जुनी पाने मी सूचनेप्रमाणे काढून गठ्ठ्यात बाजूला ठेवली होती, ती फाइलींत का नाहीत म्हणून मेमो आला. मी समजावायला गेलो. तो म्हणाला, "देखिए, पन्ना पुराना हो या नया, सरकारी है। फेंकने के लिए कमेटी लगेगी।" भंगाराची ती कमिटी लेथ मशीन मोडीत काढायला बसत असे. भाषेची पाने मोडीत काढण्यासाठी तिच्यापुढे जायची कल्पना माझ्या साहेबांना हास्यास्पद वाटली, आणि मला अपमानास्पद.

तेव्हा मी तोडगा काढला. हो, मीच. टिपणी लिहिली की सुटी पाने गहाळ होण्याचा संभव असल्याने सर्व खंड कायमचे बांधून घ्यावेत. साहेबांनी सही केली. सोनागिरीच्या एका बाइंडरने सुरेख काम केले. लाल कापड, कण्यावर सोनेरी देवनागरी अक्षरे. राजभाषेची पाहणी करायला आलेल्यांनी त्या कण्यांचे कौतुकही केले. आत मात्र काढलेले जुने पान पुन्हा आपल्या जागी होते आणि नंतर आलेली नवी पाने प्रत्येक खंडाच्या शेवटी शिवलेली. एकही पान गेले नाही. आणि सगळ्यांत शेवटी, नव्या पानांच्याही मागे, ते सूचनापत्र: ही पाने काढून टाका. सूची अर्थात जुनीच राहिली, जुन्या पानांकडे बोट दाखवणारी.

पुढच्या पडताळणीत पाने बरोबर भरली.

बाईंचे काम असे होते. असेंब्लीला लागणाऱ्या भागांची यादी यंत्राने छापायची. आधी मुख्य भाग, त्याच्याखाली त्याचे जोडभाग; प्रोग्रॅम तीच कृती पुन्हापुन्हा करी, एकेका फेऱ्यात एकेक जोडभाग. मुख्य भागाची ओळ त्यांनी पहिल्या फेऱ्यात छापायची ठरवली. एखाद्याला जोडभाग एकही नसला तर? ही शंका त्यांना आली होती. त्या कपाटाशी आल्या, मी पहिला खंड काढून दिला, त्यांनी सूची पाहिली, पान उघडले. पानावर स्वच्छ लिहिले होते की फेऱ्यांची मोजणी शून्य असली तरी फेरा निदान एकदा होतोच. म्हणजे मुख्य भाग छापला जाणारच. त्यांनी खंड मिटला आणि मला परत दिला. मी तो कपाटात ठेवला.

भाषेच्या नव्या आवृत्तीत हाच नियम बदलला होता, आणि आमच्या यंत्रावर तीच आवृत्ती चालत होती. मोजणी शून्य असेल तर फेरा होतच नाही. हे त्याच खंडात, शेवटी शिवलेल्या पानांत, तितक्याच स्वच्छ अक्षरात लिहिले होते.

ज्या भागांना जोडभाग नव्हते ते सगळे यादीतून निमूट गळले. ते मागवले गेले नाहीत, आणि शॉपमध्ये जोडणी चाललेले एक भलेमोठे धूड त्यांच्यावाचून अर्धवट उभे राहिले. वरून विचारणा झाली. बाईंनी हे आधी यंत्रावर करून का पाहिले नाही, असे अजूनही लोक विचारतात. ज्यांनी त्या काळी यंत्राच्या वेळेसाठी अर्ज केले आहेत ते विचारणार नाहीत. जे मॅन्युअलात छापले आहे तेच तपासायला वेळ मागितला असता तर मीच त्यांचा अर्ज परत केला असता.

चौकशी समिती तीन जणांची होती. त्यांतल्या एकालाही फोरट्रान येत नव्हते. मला आत बोलावून अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला, "मैन्युअल उपलब्ध था?"

"जी, उपलब्ध था।"

"सही वाला पन्ना उसमें था?"

"जी, था।"

"बस।"

मला पुढे बोलायचे होते, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. बोलायला कोणी अडवले नव्हते. टिपणी माझी होती, आणि माझी बढती त्याच महिन्यात व्हायची होती. ती झाली. बाईंच्या नावावर 'मॅन्युअलाचे काळजीपूर्वक वाचन न करणे' हा शेरा बसला, बढती थांबली आणि त्यांना टाइम ऑफिसात पाठवले. गणिताची ती बाई निवृत्त होईपर्यंत कामगारांच्या हजेरीचे तक्ते पाहत बसली. त्या सेंटरात त्यांच्या हातून जे काही लिहिले गेले असते, ते कसे असते हे आता कोणालाच कळणार नाही.

अलीकडे मुलीच्या कॉम्प्युटरवर मी सहज एका आजच्या भाषेचे डॉक्युमेंटेशन उघडून पाहिले. पानाच्या माथ्यावरच एक चौकट: तुमची आवृत्ती कोणती? जुने पान उघडले तर वर पट्टी येते, हे जुने आहे, नवे इथे पाहा. नियम बदलला असेल तर कधीपासून बदलला ते त्याच ओळीखाली लिहिलेले. मी ते बंद केले आणि उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. अशी एक ओळ, पेन्सिलीने, जुन्या पानाच्या समासात लिहायला मला किती वेळ लागला असता? पण सरकारी पुस्तकावर लिहायचे नाही हाही माझाच नियम होता.

कोजागिरीनंतर मी अवधपुरीला त्यांच्या घरी गेलो. त्या व्हरांड्यात मेथी निवडत होत्या. मी सगळे सांगितले: टिपणी, बाइंडर, चौकशी. त्या निवडत राहिल्या.

"झालं?" त्यांनी विचारले.

"झालं."

"मला काय नवीन सांगून राहिले तुम्ही? भाग गळल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी शेवटची पानं पाहिली होती. तुम्ही रजेवर होते, किल्ली दुसऱ्याकडे होती. पूर्ण खंड चाळला. तुम्ही चाळू नका म्हणायचे ना, तेच केलं."

"मग चौकशीत सांगितलं का नाही?"

"सांगितलं. दोन्ही पानं उघडून समोर ठेवली. ते म्हणाले, बरोबर पान पुस्तकात आहे ना? म्हटलं, आहे. म्हणाले, मग वाचायला पाहिजे होतं. मी म्हटलं, वाचलं होतं, पण पान दुसरं होतं. त्याचा यांनी विनोद केला." त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "तुम्ही बाहेर बाकावर बसून होते. मला वाटलं, आत येऊन हा माणूस एवढं तरी सांगेल की बांधलं कोणी."

मी क्षमा मागू लागलो तर त्यांनी हातानेच थांबवले. "माझ्या व्हरांड्यात काय मागता, भाऊ? मी हसले होते का? जिथं हसतात तिथं सांगा."

"लिहितो. स्मरणिकेतच लिहितो."

"लिहा. माझं नाव नका टाकू पण. नाव टाकलं की परत माझीच गोष्ट होते ती. तुमची लिहा." मग उठता उठता म्हणाल्या, "आणि फेऱ्याचं नीट लिहा. तिथं चुकलात तर मी दुरुस्त करणार नाही."

चहा त्यांनी दिला नाही. भोपाळच्या मराठी घरात चाळीस वर्षांच्या ओळखीत माझ्यावर अशी वेळ प्रथमच आली, आणि त्यात काही गैर झाले असे मला वाटत नाही.

इथवरचा मजकूर घेऊन मी स्मरणिकेच्या संपादकांकडे गेलो. तरुण गृहस्थ आहेत, बँकेत नोकरीला, सभ्य. त्यांनी वाचले. मग म्हणाले, "काका, छापतो ना. पण अंकाची पानं लागलीत पूर्ण. असं करू, शेवटी पुरवणी देऊ. जाहिरातींच्या नंतर."

"शेवटी नको," मी म्हणालो.

"काका, काय फरक पडतो? अंकात तर राहील."

चौकशीच्या खोलीतही हेच म्हणाले होते, अंकाच्या जागी पुस्तक एवढाच फरक. मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितले, बांधणीपर्यंत. ते वाचेपर्यंत मी समोरून हललो नाही. वाचून झाल्यावर त्यांनी मागच्या वर्षीचा अंक काढला आणि विनोदाचे पान कितवे आहे ते पाहिले. यंदाही त्या पानावर विनोदच लागले होते. ते त्यांनी काढले.

म्हणून हा मजकूर तुम्ही वाचता आहात तो त्याच पानावरून सुरू झाला आहे. ज्यांच्याकडे मागचा अंक असेल त्यांनी तो किस्सा फाडून टाकावा. त्यासाठी कमिटी लागत नाही.