रबरी होडीला पंधरा घोडे

आमच्या घराण्यात पोहता न येणारा मी एकटाच, आणि कावेरीत मोटरबोट चालवलेलाही मी एकटाच. या दोन्ही गोष्टी गावाला एकाच दिवशी कळल्या.

आम्ही पिढ्यान्पिढ्या तंजावूरचे मराठी, राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. कीळवासलजवळ माझं पंपसेट दुरुस्तीचं दुकान. अप्पा, म्हणजे माझे वडील, कालव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी तिरुवैयारुच्या घाटावर उभं राहून कावेरीची पातळी वहीत लिहिली. आणि माझा धाकटा भाऊ गोपू मस्कतला. गोपू वर्षातून चौदा दिवस घरी यायचा आणि उरलेले तीनशे एक्कावन्न दिवस अप्पा त्याच्याबद्दल बोलायचे.

अप्पांचा मोतीबिंदू मी काढून आणला. त्यांच्या गुडघ्यांना रोज तेल मी चोळायचो. त्यांच्या पेन्शनच्या रांगेत मी उभा राहायचो. पण गल्लीत कुणी भेटलं की अप्पा खिशातून दाढीचं यंत्र काढून दाखवायचे, "गोपूनं पाठविलंय. सेलवर चालतं!" (सेल मी आणायचो. पण सेल कोण दाखवतो?)

देशाची दारं तेव्हा नुकतीच उघडली होती. नाक्यावर एसटीडीचं बूथ आलं होतं, गल्लीवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, आणि आखातातून येणारी माणसं आपापल्या खोक्यांमागे दिसेनाशी झाली होती. त्या वर्षी गोपूच्या खोक्यातून टेप नाही, मिक्सर नाही, चक्क एक होडी निघाली! रबरी, राखाडी, घडी घातलेली. कंपनीतला एक साहेब मायदेशी परतताना गोपूला देऊन गेला होता. सोबत पायानं हवा भरायचा पंप आणि दोन वल्ही.

"अप्पा, तुम्ही तीस वर्षं काठावरून नदी पाहिलीत," गोपू म्हणाला. "यंदा मधोमध बसून पाहा."

अप्पांचे डोळे भरून आले. मी त्यांना बारा वर्षं तेल चोळत होतो, एकदाही भरून आले नव्हते.

म्हणून मी ठरवलं. होडी त्याची असेल, पण मोटर माझी! वल्ही मारत काय न्यायचं वडिलांना? म्हशीला पाण्यात घालतात तसं? त्यात योगायोग असा, की दुकानात नागपट्टिनमच्या अंतोणी नावाच्या कोळ्याची एक बोटीची मोटर दुरुस्तीला पडलेली होती. पंधरा हॉर्सपॉवरची! परवानगी विचारली असती तर त्यानं नाही म्हटलं असतं, म्हणून विचारली नाही.

होडीच्या मागच्या फळीवर एक छोटी पट्टी होती. गोपूनं ती बोट ठेवून वाचली. "अण्णा, इथे लिहिलंय, जास्तीत जास्त चार हॉर्सपॉवर."

"ते परदेशातलं पाणी," मी म्हणालो. "आपल्या पाण्याला जोर जास्त लागतो."

"मोटर फार जड आहे, अण्णा."

"अरे, मी रोज मोटरींमध्ये जगतो. शेतकरी तीनचा पंप मागतो, मी त्याला पाचचा देतो. आजवर एकतरी विहीर उडून गेली का?"

माझी बायको कमला दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, पण विहीर तरंगत नाही." बायकांना यंत्रातलं काही कळत नाही, असं मी होडी पाण्यात घातली त्या दिवशी सकाळी आठ वाजेपर्यंत मानत होतो.

मुहूर्त काढला आडीपेरुक्कुचा. आडी महिन्याचा अठरावा दिवस, नवं पाणी आलं म्हणून अख्खं गाव नदीकाठी नैवेद्य आणि भाताचे डबे घेऊन जमतं तो! (अपघात करायचाच तर घाटावर पाच माणसं असतील असा एखादा मंगळवार बघावा, हे शहाणपण मला उशिरा आलं.) त्या वर्षी मेट्टूर धरणाचं पाणी वेळेवर सुटलं होतं. तिरुवैयारुला कावेरी दोन्ही काठांना लागून चाललेली. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती.

गोपूनं होडीत हवा भरली. मी आणि दोन हमालांनी मोटर आणून मागच्या फळीला आवळली. त्याबरोबर होडीचा मागचा भाग पाण्यात बसला आणि पुढचं तोंड वर झालं. अंतोणीची मोटर म्हणजे उडदाचं पोतं, आणि होडी म्हणजे फुगवलेली उशी!

काळियप्पन नावाचा म्हातारा तिथे परिसल, म्हणजे वेताची गोल होडी, चालवायचा. माणसं पलीकडे न्यायची आणि आणायची, एवढंच त्याचं आयुष्य. तो विडी ओढत जवळ आला. मोटरीकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "रायरे, पडगु चिन्नदु, मोटर पेरिसु." राव, होडी लहान, मोटर मोठी. एवढी गोष्ट त्याला एका विडीत कळली.

"पुढे वजन ठेवलं की झालं," मी म्हणालो, आणि अप्पांना पुढे बसवलं.

आता अप्पा म्हणजे धोतरात गुंडाळलेली चार हाडं. होडीचं तोंड तसूभरही खाली आलं नाही.

"कां रे, मी वजन म्हणून आलोय का?" अप्पांनी विचारलं.

"नाही हो अप्पा, मान म्हणून! कमला, भाताचं पातेलं आण!"

"अहो, चौदा माणसांचा चिंचेचा भात आहे त्यात!"

"म्हणूनच आण!"

पितळी पातेलं अप्पांच्या मांडीशी ठेवलं. होडी जरा सरळ झाली. गोपू म्हणाला, "मी बसतो पुढे." मी म्हणालो, "तू काठावरून फोटो काढ." अप्पांना नदीच्या मधोमध मी एकट्यानं न्यायचं होतं. फोटोत तसं दिसायला हवं होतं. हे आज लिहिताना हात अडखळतो, पण खरं आहे.

काठ सोडला. वल्ह्यांनी पंचवीस-तीस हात आत गेलो. अप्पा एकदम लहान मुलासारखे दिसायला लागले. पाण्यात हात घालून म्हणाले, "श्रीनू, इथे किती शांत आहे रे. असंच सावकाश चल. मोटर नक्को."

"अप्पा, बघा तर खरं!" मी म्हणालो आणि दोरी ओढली.

मोटर फुरफुरली आणि गप्प. काठावरून कुणीतरी शिट्टी मारली. पुन्हा ओढली. पुन्हा गप्प. आता काठावर हशा. मी चिडलो, इंधनाची मूठ पार शेवटपर्यंत पिळली आणि सगळ्या अंगानिशी तिसऱ्यांदा ओढली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती मोटर माझ्याकडे दुरुस्तीला आली होती, ती एकाच तक्रारीसाठी. गिअर अडकतो. न्यूट्रलला राहत नाही. सुरू झाली की थेट पळते. मी कागदावर लिहून तो मोटरीलाच चिकटवला होता. फक्त दुरुस्त करायचं राहिलं होतं!

पंधरा घोडे एकदम उधळले. होडी पुढे गेलीच नाही, ती उभी राहिली! मी खाली, अप्पा वर, आणि मधे आकाश. क्षणभर अप्पा बरोबर माझ्या डोक्यावर होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसती ओळख होती. हा मुलगा असंच काहीतरी करणार, हे त्यांना माहीत असल्यासारखी. मग पातेलं सुटलं. चौदा माणसांचा चिंचेचा भात माझ्या तोंडावर आला, त्यामागून अप्पा आले, आणि मग होडी आम्हा दोघांवर पालथी झाली. मागची फळी रबरापासून फाटून निघाली. ती मोटरीला घेऊन स्वतंत्रपणे दोन हात पळाली आणि मग बुडबुडे सोडत खाली गेली.

मला पोहता येत नाही. पाण्यात वर आलो तेव्हा जे हाताला लागलं ते धरलं. ते अप्पा होते.

"सोड! खांदा सोड रे!" अप्पा ओरडत होते. "पाय हालव!"

मी पाय हालवले नाहीत. मी फक्त धरलं. पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा एका हातानं पाणी कापत होता आणि दुसऱ्या हाताला मी, पंचेचाळीस वर्षांचा, तीन पोरांचा बाप, लोंबकळत होतो. गोपूनं कॅमेरा टाकून उडी मारली. पण त्याच्या आधी काळियप्पनची परिसल गोल गोल फिरत आली. त्यानं आधी अप्पांना हळूच आत घेतलं, आणि मला कॉलरला धरून बाहेरच लोंबता ठेवून काठावर आणलं. "आत घेतलं तर हीपण उलटेल," तो शांतपणे म्हणाला. घाटावरची पोरं पाण्यावर तरंगणारा भात बघून टाळ्या वाजवत होती. मासे खूश होते.

इस्पितळात डॉक्टरांनी अप्पांच्या खांद्याचा एक्स-रे काढला. "खांदा निखळलाय. होडी लागली का?"

"होडी नाही लागली," अप्पा म्हणाले. "थोरला लागला."

अंतोणी आठवड्यानं मोटर घ्यायला आला. काळियप्पनच्या माणसांनी गळ टाकून ती काढली होती. तिच्यातून अजून वाळू गळत होती. "हिच्यावर आम्ही आठ माणसं आणि जाळी घेऊन समुद्रात जातो," तो म्हणाला. "तुम्ही कशावर लावली?" मी कोपऱ्यातल्या फाटक्या रबराकडे बोट दाखवलं. अंतोणीनं छातीवर क्रूसाची खूण केली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण गोपू जायच्या आदल्या दिवशी अप्पांच्या गळ्यातली हाताची झोळी मी नीट करत होतो. म्हणालो, "अप्पा, चुकलं माझं. तुमच्यासाठीच केलं होतं सगळं."

"माझ्यासाठी?" अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी सावकाश चल म्हणून सांगिटलं होतं. तू कधी विचारिलंस का रे मला, काय हवं ते? तेल चोळतोस तेही इतकं जोरात, की माझे गुडघे त्यामुळेच दुखतात."

बारा वर्षं! मी म्हणालो, "बारा वर्षांत एकदा तरी सांगायचं!"

"सांगिटलं की," अप्पा म्हणाले. "तू म्हणालास, जोर लावल्याशिवाय तेल मुरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपू त्यांना पुन्हा तिरुवैयारुला घेऊन गेला. मीही गेलो, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी. काळियप्पननं अप्पांना परिसलीत बसवलं, गोपू त्यांना टेकून बसला. मी धोतर खोचून पुढे झालो. कुणी सरकलं नाही. मी काठावर अप्पांच्या चपला धरून उभा राहिलो. परिसल हळूहळू फिरत मधे गेली आणि तासभर तिथेच राहिली. अप्पा पाण्यात डावा हात घालून बसले होते. वाऱ्याबरोबर एकदा त्यांचं हसू ऐकू आलं. माझ्या घरात ते हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

गोपू परत गेला. अप्पा त्यानंतर नऊ वर्षं माझ्याकडेच राहिले. माझ्याच हातचं तेल, माझ्याच घरचा भात. (तेल आता हळू चोळायचो. अप्पा म्हणायचे, "आता काही जाणवतच नाही.") एकदा पुण्याचे एक दूरचे नातेवाईक मंदिर बघायला म्हणून आले होते. गोपूनं मस्कतला घर घेतल्याचं ऐकून म्हणाले, "वा! धाकट्यानं तुमचं नाव काढलं हो! आणि हे थोरले?"

अप्पांनी माझ्याकडे सावकाश पाहिलं. "ह्यानं नाव बुडवली."

पाहुणे हसले. आमच्या मराठीला पुण्याची माणसं हसतात तसे, प्रेमळपणे. "बुडवली नव्हे हो, अप्पासाहेब. नाव बुडवलं, असं म्हणायचं."

"नाही," अप्पा म्हणाले. "बुडवलीच. मी आत बसलो होतो."

पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली. व्याकरण शुद्ध होतं.